पश्चिमेच्या बांधावरची सुरूची झाडं

आमच्या द्राक्षबागेच्या पश्चिमेच्या बांधावर सुरूची एकोणचाळीस झाडं होती. ती मी लावली, मी वाढवली आणि शेवटी मीच तोडून घेतली. तोडताना लोकांना सांगितलं, झाडं जुनी झाली आहेत, एखाद्या वादळात बागेवर आडवी होतील. लोकांनी ऐकून घेतलं. सुरू काही इतक्या लवकर म्हातारा होत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत असणार. पण दुसऱ्याच्या बांधावरच्या झाडाबद्दल कोणी फार विचारत नाही.

आमचं गाव नाशिकपासून दिंडोरीच्या बाजूला. द्राक्षाला वारा सोसत नाही. मण्यात पाणी भरायच्या दिवसांत वेल हलली की मणी काडीला घासतो, सालीवर तपकिरी ओरखडा उठतो, आणि तसा माल परदेशी जाणाऱ्या पेटीत चालत नाही. म्हणून वाऱ्याच्या तोंडाला झाडांची भिंत उभी करायची. कोणी शेवरी लावतं, मी सुरू लावला. बांधाच्या पलीकडे माझ्या चुलतभावाची बाग. माझ्याहून चार वर्षांनी लहान. सकाळी सूर्य आमच्या बाजूने वर यायचा आणि झाडांची लांब सावली त्याच्या पहिल्या तीन ओळींवर पडायची. त्या ओळींत माल कमी धरायचा. तो दर वर्षी कुरकुर करायचा आणि मी दर वर्षी म्हणायचो, झाडं माझ्या हद्दीत आहेत. हे भांडण इतकं जुनं होतं की आम्ही त्याला सरावलो होतो.

द्राक्षवाला आभाळाकडे एका ठरलेल्या नजरेने पाहतो. ढग आले, दव पडलं, धुकं राहिलं की पानावर रोग चढणार. कोरडी हवा, लख्ख ऊन, झुळझुळ वारा असला की त्या दिवशी चहा गोड लागतो. मी फवारणीची वही ठेवायचो. रोजची हवा, वाऱ्याची दिशा, कुठलं औषध मारलं, सगळं त्यात. तीस-पस्तीस वर्षं तेच करून ढगाळ म्हणजे वाईट आणि कोरडं म्हणजे चांगलं हे माझ्या हाडात मुरलं होतं. घरात कोणाला ताप आला तरी मी आधी बाहेर येऊन आभाळ बघायचो. माझी चूक इथून सुरू झाली. पण चूक ती चूक. त्यापुढे मी जे केलं त्याला चूक म्हणता येत नाही.

सून आली ती बागलाणातली, नामपूरची. कांदा पिकवणाऱ्या घरातली, धडधाकट, हसरी. पहिला पावसाळा गेला आणि दसऱ्याच्या सुमाराला तिला शिंका सुरू झाल्या. डोळे चोळून लाल. आम्ही म्हणालो, पाणी बदललं. थंडीत बरी झाली. माघ-फाल्गुनात, माल काढणीच्या दिवसांत, खोकला लागला आणि एके दुपारी बोलता बोलता ती थांबली. वाक्य पुरं करायला श्वास पुरेना. बाजेवर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ती श्वास ओढत होती आणि छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. पंचवटीतल्या डॉक्टरांनी दमा सांगितला, ओढायचा पंप दिला.

त्याच दिवसांत आमच्या पाण्याच्या टाकीवर पिवळट भुकटीचा थर धरायचा. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर, मोटारसायकलच्या सीटवर, ओट्यावर. बोट फिरवलं की रेघ उमटायची. द्राक्षाच्या गावात पिवळी भुकटी म्हणजे एकच वस्तू, गंधक. भुरीच्या रोगावर मारतात ते. चुलतभाऊ जुन्या वळणाचा, हातमशीन गळ्यात अडकवून कोरडं गंधक धुरळायचा. त्याची छाटणी उशिरा असायची, म्हणून आमची काढणी चाले तेव्हा त्याची धुरळणी चाले. वारा दुपारी पश्चिमेकडून. मला दुसरं काही शोधायची गरजच वाटली नाही.

मी बांधावर जाऊन त्याला सांगितलं की तुझ्या गंधकाने माझ्या सुनेचा जीव जाईल.

तो मशीन खाली ठेवून म्हणाला, "भाऊ, माझं गंधक तुझ्या सुनेच्या नाकात जातं आन् माझ्या सुनेच्या नाकात जात नाय? तिचं नाक काय सिमिटाचं हे?"

मी म्हणालो, वारा तुझ्याकडून माझ्याकडे येतो, उलटा जात नाही.

"मग मधी ही तुझी भिंत कशाला हे? शोभेला?"

बाजूला त्याची माणसं हसली. मला ते हसणं फार लागलं. त्याच्या बोलण्यात उत्तर होतं, पण मला फक्त टोमणा ऐकू आला.

पुढच्या वर्षी डॉक्टर म्हणाले, त्रास नेमका कोणत्या दिवशी होतो ते लिहून ठेवा. सुनेने लिहायच्या ऐवजी मीच लिहायचं ठरवलं. खरं सांगायचं तर मला चुलतभावाला पकडायचं होतं. माझ्या फवारणीच्या वहीत समासात मी तिच्या त्रासाची खूण करू लागलो. थोडा खोकला, एक रेघ. पंप लागला, दोन. दवाखाना, तीन. आणि पलीकडे मशीनचा आवाज आला की त्याचीही खूण.

काढणीच्या वेळी बायका घड साफ करायला बसतात. कात्रीने खराब मणी काढायचे, मग घड क्रेटमध्ये. मी सुनेला दुपारी सुरूच्या सावलीला बसवायचो. मला वाटायचं तिथे थंड, झाडांच्या आडोशाला, गंधक थेट अंगावर येणार नाही. ढगाळ दिवस असला की तिला घरात ठेवायचो, दारं-खिडक्या लावून. ऊन पडलं की म्हणायचो, आज हवा चांगली आहे, जा बाहेर. ती निमूट ऐकायची. माझ्या हवेच्या ज्ञानावर घरात सगळ्यांचाच विश्वास होता.

एकदा आमच्या हिने, म्हणजे माझ्या बायकोने, भाकरी थापता थापता म्हटलं होतं की आभाळ आलं की पोरीला उलट बरं असतं. मी तिला म्हणालो, तुला काय कळतं त्यातलं. ती पुन्हा बोलली नाही. ती आता नाही. तिच्या हयातीत हे एक वाक्य मी मागे घेतलं नाही.

तिसऱ्या वर्षी माघात मी वही उघडून बसलो. समासातल्या रेघा आणि आतला मजकूर समोरासमोर ठेवून वाचला. ढगाळ, दमट: रेघ नाही. दव जास्त, वारा नाही: रेघ नाही, किंवा उशिरा एखादी. दिवसभर भिजपाऊस: त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. स्वच्छ ऊन, कोरडं, दहानंतर वारा: दोन रेघा, दोन रेघा, तीन. ज्या दिवसांना मी चांगले म्हणत होतो तेच तिचे वाईट दिवस होते. आणि मशीनच्या खुणा? त्या रेघांशी जुळतच नव्हत्या. चुलतभाऊ लग्नाला म्हणून आठ दिवस लासलगावला गेला होता, बाग बंद होती, त्या आठवड्यात सहा दिवस रेघा होत्या. दसऱ्याच्या सुमाराला तर तो गंधक मारतच नव्हता, आणि तेव्हाही रेघा होत्या.

मी उठून बांधाकडे गेलो. सकाळचे दहा वाजले असतील. दव नुकतं वाळलं होतं. सुरूच्या बारीक फांद्यांची टोकं गंजल्यासारखी तांबूस दिसत होती. दर वर्षी या दिवसांत तशी दिसतात, मी कधी जवळ जाऊन पाहिलं नव्हतं. एक फांदी ओढून सोडली. तिच्यातून पिवळट धूर निघाला आणि माझ्या हातावर बसला. टाकीवरची तीच भुकटी.

तरीही खात्री करायची म्हणून मी टाकीच्या कडेची भुकटी कागदावर गोळा केली आणि चुलीतल्या निखाऱ्यावर टाकली. गंधक असतं तर निळी ज्योत निघाली असती आणि घशात चुरचुरलं असतं. गंधक कसं जळतं हे मला सांगायला नको. ही भुकटी चटकन जळाली आणि वाळलं गवत जळल्यासारखा वास आला. मी वासच घेत राहिलो. बायको म्हणाली, काय जाळताय? मी म्हणालो, काही नाही.

मला त्या दिवशी कळलं, आणि त्या दिवसापासूनच मी दोषी आहे.

गप्प राहायला मी स्वतःला दिलेली कारणं लिहितो. काढणी संपायला अजून महिनाभर होता, आता झाडं काढली तर वारा थेट बागेत घुसून अख्खा माल डागाळला असता. पीक निघालं की तोडू, असं मी ठरवलं. हे कारण लोकांना पटेल असं आहे, म्हणून मी ते बरीच वर्षं जवळ ठेवलं. पण त्याच्याखाली दुसरं होतं. चुलतभाऊ इतकी वर्षं म्हणत होता की ती झाडं काढ. आणि आता मी त्याच्यासमोर जाऊन म्हणायचं होतं की झाडंच काढायला हवी होती, आणि तुझं गंधक निर्दोष आहे. दोन्ही एकदम. मला ते जमेना. सुनेला निदान सावलीतून उठवायला हवं होतं. ते केलं, म्हटलं आता तू घरातच घड साफ कर. तिने कारण विचारलं नाही. पण खिडक्या पश्चिमेच्याच होत्या, आणि त्या बंद कर असं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आज तर ऊन आहे नाना.

आठवड्याभरात गावाची बैठक ठरली. प्रकरण गावापुढे मीच नेलं होतं, झाडांचं कळण्यापूर्वी. चार वडीलधारी माणसं मारुतीच्या पारावर बसली. दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. चुलतभाऊही आला, धुतलेलं धोतर नेसून. बोलणं फिरत फिरत असं ठरत आलं की त्याने बांधाला लागून असलेल्या तीन ओळी उपटाव्या, म्हणजे मध्ये मोकळी जागा राहील आणि धुरळणी आमच्या घरापासून लांब होईल.

तो म्हणाला, "तशाबी त्या ओळी सावलीनं मेल्यात. उपटीन मी. पन भाऊ, तू एकदा म्हन. तुझ्या तोंडानं म्हन, की माझ्यामुळं व्हतंय."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या सदऱ्याच्या खिशात घडी घातलेला कागद होता, त्यात उरलेली भुकटी. का ठेवली होती, सांगता येत नाही.

मी म्हणालो, "वारा तर तुझ्याकडूनच येतो."

हे वाक्य खोटं नव्हतं. वारा त्याच्याकडूनच येत होता. मी ते म्हणून झाल्यावर चौघांपैकी एकाने मान हलवली, दुसऱ्याने तंबाखूची चंची उघडली आणि बैठक संपली. दोन दिवसांनी पलीकडे टिकावाचे आवाज यायला लागले. फळावर आलेल्या वेली होत्या त्या. मुळांसकट निघायला वेळ लागतो. मी घरात बसून ऐकत होतो. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही.

फाल्गुनाच्या शेवटी अवकाळीने गाठलं. सकाळपासून उकडत होतं, पान हलत नव्हतं. जेवणं झाली आणि नैर्ऋत्येकडून काळं आलं. तोडलेला माल क्रेटमध्ये भरून शेडबाहेर होता. मी ओरडून सगळ्यांना बोलावलं, क्रेट आत घ्या, ताडपत्री आणा. सून दारात उभी होती. तिने विचारलं, मी येऊ का नाना?

मी एक क्षण थांबलो. मग मला वाटलं, पाऊसच येतोय, हवा धुतली जाईल, आता काय व्हायचंय. वहीतच तर लिहिलं होतं, पाऊस, रेघ नाही. मी म्हणालो, ये.

आम्ही दोघं ताडपत्रीची टोकं धरून उभे होतो आणि पावसाच्या आधीचा तो थंड वारा एकदम खाली कोसळला. सुरूची सगळी रांग एका बाजूला वाकली आणि तिच्यातून पिवळट तपकिरी धूर उठला. धूर वर गेला नाही. वारा वरून खाली येत होता, त्याने तो जमिनीवर दाबला आणि आमच्यावर आणला. मी ते डोळ्यांनी पाहिलं. टपोरे थेंब पडू लागले, चार इथे, चार तिथे. वीज चमकली. ताडपत्रीचं दुसरं टोक सैल झालं म्हणून मी वळलो, तर सून गुडघ्यांवर होती. तिचे ओठ निळसर पडले होते. ती माझ्याकडे बघत होती आणि तिला काही म्हणायचं होतं, ते म्हणता येत नव्हतं.

मुलाने गाडी काढली. पंचवटीपर्यंत गारा लागत होत्या. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी तिचे श्वास मोजत होतो. दोन श्वासांमधलं अंतर वाढलं की मी तिला हाक मारायचो.

ती वाचली. पण पाच दिवस अतिदक्षता विभागात होती.

मुलगा औषधं आणायला गेला असताना तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर बसवून समजावलं. झाडांचे पराग कोरड्या हवेत सुटतात, वाऱ्यावर लांब जातात. दवात आणि दमट हवेत जड होऊन खाली बसतात. संथ पाऊस लागला तर हवा धुऊन निघते. पण गडगडाटी पावसाच्या तोंडाशी उलटं होतं. वारा सगळे पराग खाली ओढतो, ओलाव्याने ते फुटतात आणि त्यांचे इतके बारीक तुकडे होतात की नाकात अडकत नाहीत, थेट छातीत उतरतात. पाऊस चांगला की वाईट हे तो कसा येतो यावर आहे, असं ते म्हणाले. माझ्या वहीत पाऊस एवढाच शब्द होता.

मग त्यांनी विचारलं, घराजवळ झाडं कुठली आहेत?

मुलगा अजून परतला नव्हता. मी एकटा होतो. मी म्हणालो, आंबा आहे. लिंब आहे, शेवगा आहे, बाकी द्राक्षं. त्यांनी लिहून घेतलं. मी सुरूचं नाव घेतलं नाही, आणि परागांचं मुलालाही सांगितलं नाही.

तिची आई नामपूरहून आली. खुर्चीच्या कडेला बसून पदराने चेहरा पुसत तिच्या अहिराणीत मला म्हणाली, "आमना गावमा कांदासना फोलपटा दिनभर उडतस, दादा. पोर कधी खोकनी नै. तुमना वावरमा काय शे?"

मुलाने उत्तर दिलं, काकांचं गंधक. तिने काकांना तिथल्या तिथे शिव्या घातल्या आणि मी त्या ऐकल्या.

त्यानंतर मुलगा आणि सून शहरात फ्लॅट घेऊन राहायला गेले. पुढच्या पावसाळ्यापूर्वी मी झाडं तोडली. सून फक्त दिवाळीत एक दिवस यायची. बांधाकडे बघून म्हणायची, मोकळं वाटतं आता. काकांच्या दारात जायची नाही. त्यांच्या घरातलं लग्नही तिने टाळलं. मी स्वतःला सांगितलं की झाडं गेली, तिचा श्वास सुधारला, आता उकरून काय होणार. असं सांगता सांगता वर्षं गेली. नात झाली, शाळेत जायला लागली.

गेल्या माघात सुनेचा फोन आला. नातीला शिंका येतात, खोकला येतो, काल पळताना दम लागला. मी विचारलं, तू काय करतेस? ती म्हणाली, "तुमचंच पाळते ना नाना. आभाळ आलं की खिडक्या बंद. ऊन असलं की खाली खेळायला पाठवते, चांगल्या हवेत."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेलो, वही पिशवीत घालून.

त्यांच्या इमारतीसमोर कॉलनीचा रस्ता आहे, आणि त्याच्या कडेला वावळाची मोठी झाडं. पानं गळालेली, फांद्यांना बारीक मळकट फुलं चिकटलेली. खाली उभ्या गाड्यांच्या काचांवर धूळ होती. ती त्याच झाडांची की रस्त्याची, मला माहीत नाही, आणि नातीचा खोकला त्या झाडांमुळेच आहे असं मी म्हणत नाही. ते डॉक्टरांनी तपासावं. पण त्या झाडांखाली घसरगुंडी होती आणि नात तिथे खेळत होती. ऊन लख्ख होतं. वारा सुटला होता.

वर गेलो. सून एकटीच घरी होती. तिने पाणी दिलं. मी पाणी न पिताच सांगायला सुरुवात केली. टाकीवरची भुकटी, वही, चुलीतला निखारा, पारावरची बैठक, दवाखान्यात न घेतलेलं नाव. मध्ये थांबलो तर पुढे जाणार नाही असं वाटलं, म्हणून थांबलो नाही.

ती ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, "कळलं कधी, नाना?"

"काकांनी तीन ओळी उपटल्या त्या वर्षी."

"आधी की नंतर?"

"आधी."

"म्हणजे त्या पावसाच्याही आधी."

"हो."

"मी विचारलं होतं, येऊ का म्हणून."

मी हो म्हणालो.

ती उठली. मला वाटलं, दार दाखवेल. तिने खिडकीतून नातीला हाक मारून वर बोलावलं, मग खिडकी लावली, मग दुसरी, मग आतल्या खोलीतल्या. नात वर येईपर्यंत दारात उभी राहिली. तिला आत घेऊन तोंड-हात धुवायला लावले, फ्रॉक बदलायला लावला. मग माझ्यासमोर येऊन हात पुढे केला.

"वही द्या."

मी दिली. ती चाळत म्हणाली, "काकांना सांगितलं?"

"नाही."

"मग इथे आधी का आलात?"

"पोरगी खोकते म्हणून."

तिने वही मिटली. मुलाला मी सांगू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, मी सांगेन. जेवायला थांबा असं नेहमी म्हणते, ते म्हणाली नाही. आता वही तिच्याकडे आहे. त्यातली पानं तिने डॉक्टरांना दाखवली, नातीच्या तपासण्या झाल्या, औषध सुरू आहे.

चुलतभावाकडे गेलो तेव्हा तो ओट्यावर पाय पसरून गुडघ्यांना तेल लावत होता. त्याने मला बस म्हटलं नाही, मी उभा राहूनच सांगितलं. त्याने तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"माझ्या गंधकानं झालं नव्हतं हे मला ठावं व्हतं, भाऊ. तू मला काय नवं सांगितलंस? ज्यांच्या म्होरं गप बसलास त्यांना जाऊन सांग."

मी म्हणालो, चौघांतले दोघे गेले.

"मंग उशीर झाला तुला," तो म्हणाला, आणि वाटी पुन्हा घेतली.

उरलेल्या दोघांकडे गेलो. एक म्हणाले, जाऊ द्या हो, जुनं झालं, त्याचंही वय झालं आणि तुमचंही. ते ऐकून मला बरं वाटायला लागलं. तेवढ्यात लक्षात आलं की मला बरं वाटायला लागलंय, आणि मी सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांना ऐकू कमी येतं. त्यांच्या कानाशी ओरडावं लागलं. "गंधक नव्हतं. माझी झाडं होती. मला माहीत होतं." ते "काय?" म्हणाले. मी पुन्हा ओरडलो. घरातल्या बायका बाहेर आल्या, शेजारचा कोणी कुंपणापाशी थांबला. त्यांच्या मुलाने शेवटी त्यांना खुणेने समजावलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग त्याच्या ओळी?"

त्या जागेत चुलतभावाने पुन्हा वेली लावल्या नाहीत. घास लावतो, गुरांच्या चाऱ्याला. मी ती तीन ओळींची पट्टी रोज बघतो. माझ्याकडून काही देऊ केलं तर तो घेणार नाही. जे दोघे गेले त्यांच्यापर्यंत पोचायचा रस्ता नाही, आणि ज्यांनी त्यांच्याकडून ऐकलं असेल की अमक्याच्या गंधकाने तमक्याची सून मरता मरता वाचली, ते किती आहेत आणि कुठे, मला माहीत नाही. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती हे पडलं तर त्यांनी दुरुस्त करून घ्यावं.

सुनेने मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. दिवाळीला ती आली नाही. पण यंदा माघ लागला आणि सकाळी साडेआठला तिचा फोन यायला लागला. माझी तब्येत विचारत नाही.

"आज?"

मी अंगणात येऊन बघतो. दव किती आहे, धुकं कुठे आहे, पानं कुठल्या बाजूला हलतात. सांगतो, दहापर्यंत बरं आहे, मग वारा सुटेल. किंवा आभाळ आहे, खेळू दे तिला. ती बरं म्हणून फोन ठेवते. मोबाइलवर हवेचा अंदाज तिलाही दिसतो. ती तो बघतच असणार, आणि माझा त्याच्याशी ताडून पाहत असणार. तसंच करायला हवं.

परवा सकाळपासून उकडत होतं. मी म्हणालो, "आज दुपारनंतर गडगडेल. पहिला वारा सुटायच्या आत तिला घरात घे."

"शाळा साडेतीनला सुटते."

"तीनलाच जा."

ती म्हणाली, "नक्की?"

मी म्हणालो, नक्की म्हणता येत नाही, पण जा. तिने फोन ठेवला.

मी जेवून अंगणात खुर्ची घेऊन बसलो. तीन वाजले. नैर्ऋत्येकडे काळं धरत होतं. सव्वातीनला अजून काही हललं नव्हतं. मला फोन करावासा वाटत होता, पण ती गाडीवर असेल, पोरगी मागे असेल, म्हणून केला नाही. तीन वाजून पस्तीस मिनिटांनी तो थंड वारा आला, घासाची पट्टी आडवी झाली, आणि धूळ माझ्या डोळ्यांत गेली. मी फोन हातात धरून उभा राहिलो. पाऊस लागला तरी आत गेलो नाही.

पावणेचारला फोन आला.

"घरात आहोत," ती म्हणाली, आणि ठेवला.